हेडलाइटची 'काच' पिवळी का पडते?

मी राजुऱ्याचा, पोटापाण्यासाठी कोड लिहितो. आजची गोष्ट हेडलाइटची.

दिवाळीत घरी आलो होतो. बाबांची तेरा वर्षांची गाडी घेऊन रात्री गडचांदूरहून परत येत होतो. अचानक समोर बैलगाडी. दिसली तेव्हा मध्ये जेमतेम दहा-बारा पावलं उरली होती. ब्रेक लागला, वाचलो. उतरून बघतो तर हेडलाइट पिवळे-धुरकट, मोतीबिंदू झाल्यासारखे. आणि बाबा याच गाडीनं रात्रपाळीला जातात!

घरी सांगितलं, तर बाबा म्हणाले, "काच मळली असन बे, ओलं फडकं मार."

पण गंमत अशी की ती काच नाहीच.

थोडं मागे जाऊ. सुरुवातीच्या मोटारींना कार्बाइडचे दिवे असायचे, पेटवावे लागायचे. 1912 मध्ये कॅडिलॅकनं विजेचे दिवे आणि सेल्फ स्टार्टर एकत्र दिले. 1940 मध्ये अमेरिकेत 'सील्ड बीम' आला: तार, आरसा आणि काच मिळून एकच बंद डबा. तेव्हा आपला राजुरा निजामाच्या राज्यात, आदिलाबाद जिल्ह्यात होता. या डब्यातली तार जळली की अख्खा दिवाच बदलायचा. म्हणजे दर वेळी काचही नवी! आपल्याकडच्या ॲम्बेसेडर आणि पद्मिनीचे गोल दिवेही काचेचेच होते. काच फुटायची, पण पिवळी पडायची नाही.

मग बदललं काय? 1953 मध्ये जर्मनीत बायर कंपनीतल्या हर्मन श्नेल यांनी पॉलिकार्बोनेट बनवलं. त्याच सुमारास अमेरिकेत जनरल इलेक्ट्रिकमधल्या डॅनियल फॉक्स यांनाही ते सापडलं. काचेपेक्षा हलकं, दगड लागला तरी सहसा न फुटणारं, हव्या त्या आकारात ओतता येणारं. अमेरिकेनं 1983 मध्ये नियम बदलला आणि 1984 च्या लिंकन मार्क सेव्हनवर असे हेडलाइट आले. आता फक्त बल्ब बदलायचा, बाहेरचं कव्हर तेच. सोय झाली, पण कव्हर गाडीसोबत म्हातारं व्हायला लागलं.

उन्हातले अतिनील किरण पॉलिकार्बोनेटचे रेणू तोडतात, म्हणून कारखान्यात त्यावर संरक्षक थर देतात. तो थर झिजला की पिवळेपणा सुरू. आपल्याकडे तर चंद्रपूरचं ऊन, वर कोळशाची आणि सिमेंटची धूळ. कोरड्या फडक्यानं पुसलं की तीच धूळ ओरखडे पाडते.

मी आधी यूट्यूब बघून टूथपेस्ट घासली. चकाचक! टूथपेस्टमध्ये बारीक घासणारे कण असतात, म्हणून फरक दिसतो. पण थर काही परत येत नाही. होळीला आलो तर पुन्हा तेच.

मग नीट केलं. आधी शाम्पूनं धुतलं, आजूबाजूच्या रंगावर मास्किंग टेप लावली. 800 नंबरचा वॉटर पेपर, मग 1500, मग 2500. सतत पाणी टाकत, हलक्या हातानं. आधी लेन्स अजूनच पांढरी होते, घाबरू नका. पूर्ण सारखी दिसेपर्यंत पुढच्या नंबरावर जायचं नाही. नंतर पॉलिशिंग कंपाउंड. शेवटी पुसून, कोरडं करून यूव्ही क्लिअर कोट. हाच खरा मुद्दा, कारण घासताना उरलासुरला जुना थरही आपण काढलेला असतो. कोट दिला नाही तर मेहनत काही महिन्यांतच वाया. आणि आतून बाष्प धरलं असेल तर बाहेरून कितीही घासा, उपयोग नाही.

त्या रात्री बाबा कामावरून आले आणि दारातूनच विचारलं, "बल्ब नवे टाकले का बे?"

बल्ब जुनेच होते.

तुमच्या घरच्या गाडीकडेही आज एकदा बघा. रात्री ती कोण चालवतं, तेही आठवा. भेटू पुढच्या भागात!