वैद्यांचा शरद आणि हकिमांचा खरीफ

पाऊस ओसरतो, पहाटे दव पडते आणि दुपारी अंगाची लाही होते. या दिवसांना आपण 'ऑक्टोबर हीट' म्हणतो. आयुर्वेद याला शरद ऋतू म्हणतो, म्हणजे आश्विन आणि कार्तिक. याच सुमारास जे पीक काढणीला येते, त्याला आपला शेतकरी खरीप म्हणतो. 'खरीफ' हा मूळचा अरबी शब्द आहे आणि त्याचा अर्थच शरद ऋतू. एकाच ऋतूची ही दोन्ही नावे आपल्या गावात नांदतात, तरी दोन्हीचा संबंध क्वचितच कोणाच्या लक्षात येतो.

दरवर्षी या दिवसांत शरद ऋतूत काय खावे, काय टाळावे याचे संदेश मोबाइलवर फिरू लागतात. आपल्यातले काही जण 'हे आपले नाही' म्हणून ते पुसून टाकतात. दुसरीकडे आयुर्वेद ही एकाच धर्माची मालमत्ता आहे असे सांगणारेही आहेत. दोघांनीही इतिहास एकदा उघडून पाहावा.

साधारण सातव्या शतकातल्या वाग्भटाच्या 'अष्टांगहृदया'त ऋतुचर्येचा स्वतंत्र अध्याय आहे. त्यातला विचार सरळ आहे. पावसाळ्यात शरीराला गारव्याची सवय होते आणि आत पित्त साचत जाते. मग ऊन एकदम तापते आणि ते पित्त उसळते. म्हणून या दिवसांत कडू, गोड आणि तुरट चवीचे हलके अन्न घ्यावे: तांदूळ, मूग, पडवळ, आवळा, साखर, मध. रानातल्या प्राण्यांचे हलके मांसही त्यात आहे. दही, तेल, कडक मद्य, दुपारची झोप, भर उन्हात फिरणे आणि पोट तडस लागेपर्यंत जेवणे टाळावे. दिवसा उन्हात तापलेले आणि रात्री चांदण्यात निवलेले स्वच्छ पाणी प्यावे. संध्याकाळी चंदन, वाळा लावून चांदण्यात बसावे.

हे ज्ञान आठव्या-नवव्या शतकांत बगदादला पोहोचले. अब्बासी खलिफांचे वजीर असलेले बरमकी घराणे मूळचे बल्खचे, तिथल्या बौद्ध विहाराची व्यवस्था पाहणारे. त्यातल्या याह्या बिन खालिदने भारतीय वैद्य मंका याच्याकडून सुश्रुताचा ग्रंथ भाषांतरित करून घेतला. इ.स. 850 मध्ये अली बिन रब्बन तबरी याने 'फिरदौस अल-हिकमत' पूर्ण केला. त्याच्या शेवटच्या भागातली 36 प्रकरणे भारतीय वैद्यकावर आहेत आणि त्यांना चरक, सुश्रुत, माधव, वाग्भट यांचा आधार आहे. पुढे राझीनेही आपल्या ग्रंथात चरकाचा हवाला दिला. या विद्वानांनी ग्रंथ कोणत्या धर्माच्या माणसाने लिहिला याआधी तो उपयोगाचा आहे का, हे पाहिले.

मात्र सगळे एकसारखेच होते असे म्हणणेही बरोबर नाही. अकराव्या शतकात इब्न सिनाने 'अल-कानून'मध्ये खरीफबद्दल सांगितले ते वेगळे आहे. त्याचा खरीफ थंड आणि कोरडा. तेव्हा कोरडेपणा वाढवणारे पदार्थ आणि गार पाण्याची अंघोळ टाळा, रात्रीचा गारठा आणि दुपारचे ऊन या दोन्हींपासून जपा, असा त्याचा सल्ला. बुखारा-हमदानच्या हवेत तो योग्य होता. दख्खनमध्ये त्याच महिन्यांत ऊन भाजून काढते. मग इथल्या हकिमांनी काय करायचे?

त्यांनी इथल्या वैद्यांचे ग्रंथ वाचले. सिकंदर लोदीचा वजीर मियाँ भुवा याने 1512 मध्ये 'मादन अल-शिफा' हा फारसी ग्रंथ संस्कृत ग्रंथांच्या आधारे सिद्ध केला. प्रस्तावनेत त्याने कारणही दिले: युनानी उपचार इथल्या लोकांच्या मिजाजाला मानवत नाहीत आणि युनानी औषधांची नावेही इथे कळत नाहीत. अहमदनगरच्या निजामशाहीत आणि नंतर विजापूरला राहिलेला इतिहासकार फरिश्ता याला आपण त्याच्या 'तारीख'मुळे ओळखतो. त्यानेही भारतीय वैद्यकावर फारसीत ग्रंथ लिहिला आहे.

उर्दू आणि मराठी दोन्ही शिकवताना मला एका शब्दाचा नेहमी उपयोग होतो. तो म्हणजे 'गुलकंद'. 'गुल' फारसी, 'कंद' म्हणजे 'कंद' भाजीतला नव्हे, तर फारसी-अरबी 'कंद', साखर. त्याचे मूळ संस्कृत 'खंड', ज्याला आपण खांड म्हणतो. खंड इथून गेला, कंद होऊन गुलाबासोबत परत आला. आज पित्ताच्या दिवसांत वैद्यही गुलकंद सांगतात आणि हकीमही.

आणखी एक गोष्ट. आपले हिजरी महिने ऋतूंना बांधलेले नाहीत. रमजान साधारण 33 वर्षांत सगळ्या ऋतूंतून फिरून येतो. त्यामुळे कोणत्या हवेत काय खावे, हे मुसलमानांना जिथे राहतात त्या जमिनीकडूनच शिकावे लागते. इथली पारख ज्यांनी आधी केली त्यांच्याकडून ती घेण्यात आपला दीन उणा होत नाही.

तेव्हा या शरदात करता येण्यासारखे साधे आहे. फजरनंतर कोवळ्या उन्हात चालावे, भर दुपारचे ऊन टाळावे. दस्तरखानावर कारले, पडवळ, मूग आणि आवळा आणावा. बिर्याणीसोबतचा रायता आणि दुपारची लांब झोप थोडे दिवस कमी करावी. थोडी भूक राखून उठावे. हा सल्ला तर आपल्याला हदीसमधूनही ठाऊक आहे. मधुमेह असेल तर गुलकंद डॉक्टरांना विचारूनच घ्यावा. शरदात सांगितलेले विरेचन, रक्तमोक्षण किंवा हिजामा हे तर तज्ज्ञाचे काम, घरी करून पाहण्याचे नाही.

हकीम अजमल खान यांनी दिल्लीत उभारलेल्या महाविद्यालयाचे नाव 'आयुर्वेदिक आणि युनानी तिब्बिया' असे आहे. त्याचे उद्घाटन 13 फेब्रुवारी 1921 रोजी गांधीजींनी केले. वैद्य आणि हकीम एकाच छताखाली शिकतील अशी ती सोय होती. शेकडो वर्षे दोघे एकमेकांचे ग्रंथ चाळत होते, त्या व्यवहाराला हकीमसाहेबांनी इमारत दिली. आज त्या दोन शास्त्रांची धर्मानुसार वाटणी करणाऱ्यांनी आधी खरीप हा शब्द कोणाचा, एवढे ठरवून दाखवावे.