सांडपाणी-शुद्धीकरण, लहान नगरांतील

घरांच्या मोऱ्या, शौचकूप, खाणावळी व बाजारपेठा यांतून निघणाऱ्या पाण्यातील कुजणारे सेंद्रिय द्रव्य, गाळ आणि रोगजंतू यांचे प्रमाण, ते पाणी नदीस अगर शेतजमिनीस देण्यापूर्वी, इष्ट मर्यादेपर्यंत खाली आणण्याची क्रिया. भुयारी गटारे असलेल्या गावास माणशी दररोज 135 लिटर पाणी पुरवावे लागते व त्यातील सुमारे 80 टक्के गटारात उतरते, असा हिशेब आपल्याकडील अभियंते धरतात. त्या हिशेबाने 40,000 वस्तीच्या नगरात रोज सुमारे 43 लाख लिटर सांडपाणी निघते.

हे पाणी तसेच नदीत गेले म्हणजे त्यातील द्रव्यावर पोसणारे सूक्ष्मजंतू नदीत विरघळलेला प्राणवायू संपवू लागतात, आणि तो दर लिटरला सुमारे 4 मिलिग्रॅमच्या खाली उतरला की मासे जगणे दुरापास्त होते. हेच जंतुकार्य नदीत होऊ न देता कुंडात, देखरेखीखाली उरकून घेणे, हे शुद्धीकरणाचे तत्त्व होय. मात्र त्यासाठी गावातील प्रत्येक नाला अडवून कुंडापर्यंत नेला पाहिजे. एक जरी मोकळा राहिला, तरी नदीच्या दृष्टीने उरलेल्यांवरील खर्च बराचसा वाया जातो.

लोखंडी जाळ्यांनी कचरा अडविल्यावर आणि रेती व गाळ बसू दिल्यावर जैव क्रियेस प्रारंभ होतो. आर्डर्न व लॉकेट यांनी 1914 मध्ये मँचेस्टर येथे सिद्ध केलेली सक्रियित गाळाची पद्धती जागा थोडी मागते, परंतु हवा भरणारी यंत्रे अहोरात्र चालावी लागतात. हॉलंडमध्ये पास्वीर यांनी 1950 नंतरच्या दशकात लहान वस्त्यांसाठी योजिलेला प्राणवायू-चर हे तिचेच सुटसुटीत रूप. याउलट, मीटर-दीड मीटर खोलीच्या उथळ तळ्यांत शैवाल सूर्यप्रकाशाच्या साहाय्याने प्राणवायू निर्माण करते व त्यावर जंतूंचे काम चालते. त्यास यंत्र लागत नाही, जमीन मात्र पुष्कळ लागते. उन्हाच्या मुलखात, गावाबाहेर पडीक जमीन उपलब्ध असल्यास, लहान नगरपालिकेने तळीच पसंत करावीत हे श्रेयस्कर. कारण यंत्रांसाठी अनुदान एकवार मिळते, विजेचे बिल दरमहा येते.

इंग्लंडच्या शाही आयोगाने 1912 मध्ये शुद्ध केलेल्या पाण्यासाठी प्राणवायूची जैव-रासायनिक गरज दर लिटरला 20 मिलिग्रॅम व तरंगता गाळ 30 मिलिग्रॅम अशी जी मर्यादा सुचविली, ती नदीचे निदान आठपट स्वच्छ पाणी त्यात मिसळेल हे गृहीत धरून. दख्खनच्या नद्यांना हे गृहीतक आषाढात लागू पडते, वैशाखात नाही. पंचगंगेचेच पाहावे: पावसाळा सरला की कोल्हापूर पद्धतीच्या बंधाऱ्यांत बरगे (पाणी अडविणाऱ्या फळ्या) घातले जातात, वाहती नदी डोहांची माळ बनते, आणि कोल्हापूर व इचलकरंजी या शहरांचे सांडपाणी त्या डोहांत मुरत राहते. मग जलपर्णी माजते, तेरवाडसारख्या बंधाऱ्यांपाशी मासे मरतात. बरगे काढून पाणी सोडावे, तर ती घाण खालच्या गावाच्या वाट्यास जाते. इचलकरंजीत 2012 मध्ये दूषित पाण्यामुळे काविळीची मोठी साथ पसरली होती.

म्हणून कोरड्या ऋतूत शुद्ध केलेले पाणी नदीत न सोडता उसास अगर चाऱ्याच्या पिकास देणे अधिक उचित. पूर्वीचे नियमही याला अनुकूल होते: प्राणवायूच्या जैव-रासायनिक गरजेची मर्यादा 2017 पर्यंत नदीसाठी दर लिटरला 30 मिलिग्रॅम, तर सिंचनासाठी 100 होती. कच्च्या खाल्ल्या जाणाऱ्या भाज्यांस मात्र ते देऊ नये, आणि रंगाई-धुलाईच्या कारखान्यांचे पाणी मूळ गटारात मिसळू देऊ नये, कारण त्यातील रसायनांनी कुंडातील जंतूच मरतात.

महाराष्ट्राने जलप्रदूषणाविरुद्ध स्वतंत्र कायदा 1969 मध्ये केला व 1970 मध्ये प्रदूषण नियंत्रण मंडळ स्थापिले. केंद्राचा कायदा 1974 चा. मंडळ नगरपालिकेस नोटीस बजावू शकते, फिर्याद करू शकते. शुद्धीकरण-केंद्र चालविण्याचा खर्च मात्र नगरपालिकेस मुख्यतः घरपट्टी व पाणीपट्टीच्या वसुलीतून भागवावा लागतो.