शाकारलेल्या होडीतील बॅटरी

पावसाळी मासेमारीबंदीच्या काळात (२०२५ मध्ये १ जून ते ३१ जुलै, ६१ दिवस) कोकणात होड्या किनाऱ्यावर ओढून शाकारल्या जातात. तेथे वीज क्वचितच असते. होडीतील शिसे-आम्ल बॅटरी, चिंचवडच्या एक्साइड कारखान्यात तयार होतात त्याच जातीची, नुसती पडून राहिली तरी उतरते. उकाड्यात अधिकच वेगाने. उतरलेल्या बॅटरीच्या प्लेटांवर शिशाच्या सल्फेटचे कठीण स्फटिक जमतात. मग ती पूर्ण चार्ज होत नाही आणि ऐन हंगामाच्या तोंडावर नवी घ्यावी लागते.

म्हणून होडी शाकारण्यापूर्वी बॅटरी पूर्ण चार्ज करावी व तारा सोडवाव्यात; आधी ऋण, मग धन. १२ व्होल्टची पूर्ण भरलेली बॅटरी काही तासांच्या विश्रांतीनंतर सुमारे १२.६ ते १२.७ व्होल्ट दाखवते. आकडा १२.४ पर्यंत घसरताच पुन्हा चार्ज करावी. १० वॅटचे सौर पॅनेल चार्ज कंट्रोलरसह जोडता येते. परंतु आषाढातील आभाळावर किती विसंबावे? त्यापेक्षा बॅटरी घरी आणून महिन्यातून एकदा, हवेशीर जागी चार्ज करणे उत्तम. सिमेंटच्या फरशीवर ठेवल्याने बॅटरी उतरते, हा जुना समज आजच्या प्लॅस्टिक कवचाच्या बॅटरीला लागू पडत नाही. पिंपरी-चिंचवडमध्ये महिनोन्महिने उभ्या राहणाऱ्या मोटारीच्या बॅटरीलाही हीच निगा लागते.