घरगुती वापरासाठी डिजिटल कॅमकॉर्डर कसा निवडावा?

बारसे, लग्न, शाळेचे स्नेहसंमेलन अशा प्रसंगी बहुधा मोबाइलवरच चित्रीकरण होते. मात्र दूरचे दृश्य टिपायचे किंवा तासभर सलग चित्रीकरण करायचे असेल तर कॅमकॉर्डर सोयीचा ठरतो. नागपूर जिल्ह्यातील उमरेडच्या कुटुंबांसाठी त्यात जवळच्या कऱ्हांडला अभयारण्याच्या सफारीचीही भर पडते.

झूम आणि सेन्सर

खोक्यावर ठळक छापलेला झूमचा मोठा आकडा अनेकदा डिजिटल झूमचा असतो. डिजिटल झूम चित्राचा मधला भाग कापून मोठा करतो, त्यामुळे दूरचा प्राणी धूसर दिसतो. ऑप्टिकल झूममध्ये भिंगे सरकतात आणि तपशील टिकतो. म्हणून तुलना ऑप्टिकल आकड्याचीच करावी. रात्रीच्या मंडपात मात्र मोठा सेन्सर उपयोगी पडतो. मोठ्या सेन्सरला तेवढ्याच झूमसाठी मोठे, महाग भिंग लागते. त्यामुळे सफारी की समारंभ, हे आधी ठरवावे.

५० की ६०?

भारतातील वीजपुरवठा ५० हर्ट्झचा आहे. सेकंदाला ६० चित्रे घेणाऱ्या कॅमेऱ्यात ट्यूबलाइटचा प्रकाश लुकलुकताना दिसू शकतो. परदेशातून आणलेल्या किंवा जुन्या कॅमेऱ्यात ५० किंवा २५ चित्रांची सोय आहे का, हे आधी पाहावे. नसल्यास शटर १/१०० सेकंदावर ठेवता यायला हवे.

कार्ड किती मोठे?

सेकंदाला २४ मेगाबिट दराने एका तासाला सुमारे ११ जीबी जागा लागते, म्हणजे ६४ जीबीच्या कार्डावर साधारण साडेपाच ते सहा तास मावतात.

जुना कॅमेरा देण्यापूर्वी

१९९५ मध्ये आलेल्या मिनीडीव्ही प्रकारच्या टेप अजून अनेक घरांत आहेत. तासाभराची टेप संगणकावर उतरवायला तासच लागतो आणि त्यासाठी टेप चालवणारा कॅमेराच हवा. तो आधीच मोडीत दिला, तर मुलांच्या लहानपणाचे चित्रीकरण टेपमध्येच अडकून पडते. म्हणून आधी टेप उतरवाव्यात, दोन ठिकाणी प्रती ठेवाव्यात आणि मगच जुना कॅमेरा द्यावा.

दुकानात काय पाहावे?

दिवे कमी करून चित्र पाहावे, पूर्ण ऑप्टिकल झूमवर हात किती हलतो ते तपासावे, बाहेरचा माइक जोडण्याची सोय आहे का ते विचारावे. बहुतेक कॅमेरे ४० अंश तापमानापर्यंतच वापरायचे असतात. विदर्भात उन्हाळ्यात पारा त्याच्याही वर जातो, म्हणून कॅमेरा बंद गाडीत ठेवू नये.