घराच्या भिंतीचा पोशाख

दसरा उलटला की आमच्या भंडारा जिल्ह्यात घरोघरी एकच शब्द कानी पडतो : ‘पोतारणे’. पावसाने भिंतींचे पोपडे काढलेले असतात, आणि लक्ष्मीपूजनापूर्वी घर लख्ख दिसलेच पाहिजे, असा घरातल्या बायकांचा हुकूम असतो. राजेरजवाड्यांचा इतिहास मी शाळेत शिकवितो; परंतु भिंतीवरून फिरणाऱ्या या हातालाही एक इतिहास आहे, आणि तो काही लहानसहान घराण्यातला नव्हे.

आमच्याकडील जुन्या घराची भिंत मातीची, वर कवेलूंचे छप्पर. गिलावा करावयाचा तर माती, शेण आणि धानाचा कोंडा भिजत घालून, पायांनी तुडवून त्याचा मऊ चिखल करावयाचा. कोंड्यामुळे चिखल वाळताना सहसा फाटत नाही. हीच युक्ती अजिंठ्यास पाहावी. इसवी सनाच्या पाचव्या शतकात वत्सगुल्मच्या, म्हणजे आजच्या वाशीमच्या, वाकाटक राजांच्या काळात तेथील बरीच लेणी खोदली गेली. चित्रांखालच्या गिलाव्यात माती, भाताचे तूस आणि वनस्पतींचे तंतू सापडतात. त्यावर चुन्याचा पातळ हात, आणि मग रंग. जगाने वाखाणलेली ती चित्रे दीड हजार वर्षे ज्या आधारावर टिकली, तो आमच्या अंगणातल्या चिखलाचा सख्खा नातेवाईक आहे.

मातीनंतर चुना. चुनखडी भट्टीत भाजली की तिच्यातला कार्बन डायऑक्साइड वायू निघून जातो आणि कळीचा चुना उरतो. तो पाण्यात विरवून, घाणीत वाळूबरोबर मळून भिंतीस लावला की हवेतला तोच वायू हळूहळू परत घेतो आणि पुन्हा चुनखडी होतो. दगडाचा पुन्हा दगड होतो, पण मधल्या काळात माणसाचे घर होऊन जाते!

दारे-चौकटींचा साज निराळा. धानाच्या बांधीतले पाणी ओसरू लागले की आमचे शेतकरी उभ्या पिकातच जवस फेकतात. जवसाचे तेल हवेतला प्राणवायू शोषून घट्ट होते. त्यात गेरू खलून दारांना हात दिला की लाकूड सहजी पाणी पीत नाही. युरोपातल्या तैलचित्रांचा जीवही बहुतकरून याच तेलात आहे. पुढे डब्यातला तयार रंग आला. हावड्यास शालिमारचा कारखाना १९०२ साली निघाला. १९५४ साली आर. के. लक्ष्मण यांनी एशियन पेंट्ससाठी कुंचला घेतलेला खट्याळ ‘गट्टू’ काढला, आणि रंगकामाला मुलांच्या ओळखीचा चेहरा मिळाला.

सिमेंट त्या मानाने कालचे पोर. इंग्लंडातील जोसेफ ॲस्पडिन या गवंड्याने १८२४ साली त्याचे पेटंट घेतले. पोर्टलंडच्या दगडासारखे दिसते म्हणून ते पोर्टलंड सिमेंट झाले. विटांच्या भिंतीवर ते शोभते. मातीच्या भिंतीशी मात त्याचे जमत नाही. माती जमिनीतली ओल वर ओढते आणि अंगावाटे बाहेर सोडते. सिमेंटचा थर ती वाट अडवितो. आत भिंत फुगते, आकसते, वरचा थर तसाच ताठ राहतो, आणि एके दिवशी हातभर पापुद्रा खाली येतो.

यंदा आमच्या घरीही हा प्रश्न निघाला. आईचे पाय थकले. चिखल तुडविणार कोण? सिमेंट लावून एकदाचे मोकळे व्हावे, असे मुलाचे म्हणणे. अखेर ठरले ते असे : मागची विटांची नवी भिंत सिमेंटची, पुढची जुनी भिंत मातीचीच. आईने ओट्यावर बसून सांगावे, आम्ही बापलेकांनी हात चालवावा. कोंडा किती, असे मुलाने वही काढून विचारले, तेव्हा आई म्हणाली, “मुठीत दाबून सोडला की गोळा हसला नाही पाहिजे.” हसणे म्हणजे भेगा पडणे! वहीत काय लिहावे, हे पोराला उमगेना. चार गोळे हसल्यावर पाचव्याला मात्र हाताला बरोबर उमगले.

अजिंठ्याच्या कारागिरांनी गिलाव्याचे माप असेच हातातून हातात दिले असेल. मधल्या एका पिढीने हात पुढे केला नाही, तर ते तेथेच थांबते. वाचकांच्या घरी अशी कोणी जाणती असेल, तर या दिवाळीत चकलीच्या भाजणीबरोबर भिंतीचेही माप तिला विचारून ठेवावे.