दुसऱ्या खुर्चीवर कोण? बडोद्याच्या दत्तकापासून अमेरिकेच्या उपाध्यक्षापर्यंत



अमेरिकेची निवडणूक आली की आपल्या घरांतही दोन तट पडतात. मुलं, भाचे, नातवंडं तिकडे, आणि वाद इकडे, चहाच्या कपावर. २०२० मध्ये कमला हॅरिस यांच्या आईचं तमिळ माहेर, २०२४ मध्ये जे. डी. व्हान्स यांच्या पत्नीचं तेलुगू घराणं, एवढ्या भांडवलावर तास-तास चर्चा झालेल्या मी ऐकल्यात. 'आपल्याकडचं कुणीतरी' हा निकष मला पटत नाही. मी आयुष्यभर शाळेत इतिहास शिकवला. उपाध्यक्षपदाचा उमेदवार, ज्याला तिकडे रनिंग मेट म्हणतात, त्याच्याबद्दल मी दोनच प्रश्न विचारते. उद्या सकाळी पहिली खुर्ची रिकामी झाली, तर हा माणूस तिथे बसू शकेल का? आणि बसायची वेळ आलीच, तर त्याला कुणी तयार केलंय का?

यातला दुसरा प्रश्न मला बडोद्याच्या इतिहासाने शिकवला.

आपल्यापैकी बहुतेकांना ही हकीकत माहीत आहे, तरी नव्या पिढीसाठी थोडक्यात सांगते. एप्रिल १८७५ मध्ये इंग्रजांनी मल्हारराव गायकवाडांना गादीवरून दूर केलं. खंडेराव महाराजांच्या विधवा महाराणी जमनाबाई यांना दत्तक घ्यायची परवानगी मिळाली. शोध घेत घेत माणसं नाशिक जिल्ह्यातल्या मालेगावजवळच्या कवळाण्याला पोचली आणि तिथल्या गायकवाडांच्या शाखेतली तीन मुलं बडोद्याला आणली गेली. "इथे कशाला आलात?" असं विचारल्यावर मधला गोपाळ म्हणाला, "राज्य करायला," असं सांगतात. २७ मे १८७५ ला दत्तकविधान झालं आणि गोपाळचे सयाजीराव झाले.

गोष्ट सांगणारे बहुतेक इथेच थांबतात. खरं काम तर पुढे सुरू झालं. मुलगा बारा वर्षांचा, लिहिता-वाचता न येणारा. त्याला शिकवायला इलियट साहेब नेमले. दिवाण सर टी. माधवराव राज्य चालवत होते, त्यांनीही राज्यकारभार कसा करायचा यावर त्याला रीतसर व्याख्यानं दिली. २८ डिसेंबर १८८१ ला पूर्ण अधिकार हातात आले, तोवर साडेसहा वर्षं गेली होती. निवडीला काही आठवडे लागले, तयारीला साडेसहा वर्षं. पुढे १९३९ पर्यंत काय झालं ते आपण रोज बघतो: शाळा, ग्रंथालयं, आजवा सरोवराचं पाणी.

उलट उदाहरण ग्वाल्हेरचं. १८४३ मध्ये जनकोजीराव शिंदे गेले. विधवा राणी ताराबाई स्वतःच लहान वयाच्या. त्यांनी जयाजीरावांना दत्तक घेतलं, तेही लहानच. वारस ठरला, पण तो मोठा होईपर्यंत कारभार कुणी बघायचा यावरून मामासाहेब आणि दादा खासगीवाले यांच्यात तंटा लागला. त्या भांडणात इंग्रज फौज घेऊन आले आणि २९ डिसेंबर १८४३ ला, एकाच दिवशी, महाराजपूर आणि पनिहार अशा दोन ठिकाणी लढाया झाल्या. वारस होता, पण व्यवस्था नव्हती.

आता हेच माप घेऊन अमेरिकेकडे बघू या.

त्यांच्या मूळ घटनेत दुसरा क्रमांक मिळवणारा उपाध्यक्ष व्हायचा. १७९६ मध्ये जॉन अॅडम्स अध्यक्ष झाले आणि त्यांचेच विरोधक जेफरसन उपाध्यक्ष. म्हणजे सासू-सुनेला एकाच चुलीवर स्वयंपाक करायला लावल्यासारखं! १८०० मध्ये जेफरसन आणि बर या एकाच गटातल्या दोघांना सारखी, ७३-७३ मतं पडली आणि प्रतिनिधीगृहात ३६ वेळा मतदान घेतल्यावर निकाल लागला. म्हणून १८०४ मध्ये बारावी घटनादुरुस्ती झाली आणि दोन पदांची मतं वेगळी झाली.

त्यानंतर उपाध्यक्षाची गत पानातल्या चटणी-कोशिंबिरीसारखी झाली. मुख्य उमेदवार उत्तरेचा असेल तर दुसरा दक्षिणेचा, एक म्हातारा तर दुसरा तरुण. पान भरलेलं दिसलं पाहिजे, पोट कशाने भरणार याचा विचार नंतर.

१८४० चा प्रचार बघा. व्हिग पक्षाने ६७ वर्षांच्या विल्यम हेन्री हॅरिसन यांना उभं केलं. चांगल्या घरातला माणूस, पण प्रचारात त्यांना ओंडक्यांच्या झोपडीत राहणारा साधा शिपाईगडी करून टाकलं. मिरवणुका, गाणी, फुकट सफरचंदाची दारू. जोडीला व्हर्जिनियाचे जॉन टायलर, दक्षिणेतली मतं यावीत म्हणून. पक्षाच्या मुख्य धोरणांशी टायलर यांचं पटत नव्हतं, पण तेव्हा कुणी विचारलं नाही. शपथ घेतल्यावर एका महिन्यात हॅरिसन वारले. टायलर अध्यक्ष झाले आणि त्यांनी आपल्याच पक्षाची राष्ट्रीय बँकेची विधेयकं नाकारली. एक सोडून सगळ्या मंत्र्यांनी राजीनामे दिले, पक्षाने टायलर यांना काढून टाकलं. चटणी म्हणून वाढलेला पदार्थ चार वर्षं जेवावा लागला.

१८६४ ची गोष्ट याहून जड आहे. यादवी युद्ध चालू होतं. लिंकन यांनी पहिल्या खेपेला उपाध्यक्ष असलेले मेनचे हॅनिबल हॅमलिन मागे पडले आणि टेनेसीचे अँड्र्यू जॉन्सन आले. दक्षिणेतला, विरोधी पक्षातला, तरीही देशाशी एकनिष्ठ राहिलेला माणूस. प्रचारासाठी याहून चांगली जोडी कुठली? १५ एप्रिल १८६५ ला लिंकन गेले. नुकत्याच गुलामगिरीतून सुटलेल्या लाखो माणसांचं भवितव्य या जोडीदाराच्या हाती आलं आणि त्याने १८६६ चं नागरी हक्कांचं विधेयकच नाकारलं. काँग्रेसने ते त्याच्या विरोधाला न जुमानता मंजूर केलं. १८६८ च्या महाभियोगातून तो एका मताने वाचला. त्या निवडीची किंमत काळ्या लोकांनी पुढच्या कित्येक पिढ्या मोजली, असं माझं मत आहे.

हे अपवाद म्हणून सोडून देता येत नाहीत. आजवर ४५ माणसं अमेरिकेची अध्यक्ष झाली. त्यातले नऊ जण उपाध्यक्ष असताना मधेच खुर्चीवर आले. आठ वेळा अध्यक्ष वारले किंवा मारले गेले, एकदा राजीनामा दिला. पाचात एक! मुलीचं स्थळ बघताना पाचात एक एवढा धोका दिसला तर आपण किती चौकशा करू?

आणि तयारी? १९४४ मध्ये रूझवेल्ट यांची तब्येत ढासळली आहे हे पक्षातल्या धुरिणांना दिसत होतं. म्हणून हेन्री वॉलेस यांना बाजूला करून मिझुरीचे हॅरी ट्रूमन आणले. म्हणजे निवड डोळे उघडे ठेवून केली होती. पण ट्रूमन ८२ दिवस उपाध्यक्ष होते आणि त्या काळात अणुबॉम्बच्या कामाची नीट माहिती त्यांना कुणी दिली नाही. १२ एप्रिल १९४५ ला रूझवेल्ट गेले, २५ एप्रिलला ट्रूमन यांना सगळा प्रकार समजावून सांगितला गेला आणि ६ ऑगस्टला हिरोशिमावर बॉम्ब पडला. कवळाण्याच्या मुलाला साडेसहा वर्षं मिळाली, ट्रूमनना दोन आठवडेसुद्धा नाही.

आता १९६०. ही गोष्ट आमच्या घरापर्यंत येते.

केनेडी तरुण, कॅथलिक, मॅसॅच्युसेट्सचे. दूरदर्शनवरच्या पहिल्या वादसभेत निक्सन यांच्यासमोर उठून दिसले. पण दक्षिणेत त्यांचा निभाव लागणार नव्हता, म्हणून सिनेटमधले पक्षनेते, टेक्ससचे लिंडन जॉन्सन यांना बरोबर घेतलं. धाकट्या रॉबर्ट केनेडींना ही निवड अजिबात पसंत नव्हती. जॉन्सन तर इतके सावध, की उपाध्यक्षपदाबरोबर टेक्ससमधून सिनेटची निवडणूकही त्याच वेळी लढले. दोन दगडांवर पाय ठेवणं यालाच म्हणतात. टेक्सस सुमारे ४६ हजार मतांनी हाती आलं. पुढे तीन वर्षं जॉन्सन यांना जवळपास कोपऱ्यात बसवून ठेवलं होतं. आणि २२ नोव्हेंबर १९६३ ला, त्याच टेक्ससमध्ये, केनेडींची हत्या झाली.

जॉन्सन यांची तयारी कुणी करून घेतली नव्हती, पण त्यांच्या गाठीला काँग्रेसमधली चोवीस वर्षं होती. विधेयक कसं पुढे ढकलायचं, कुणाला कुठे धरायचं, हे त्यांना अंगवळणी पडलेलं. त्यांनी १९६४ चा नागरी हक्कांचा कायदा करून घेतला. आणि ३ ऑक्टोबर १९६५ ला स्वातंत्र्यदेवतेच्या पुतळ्याच्या पायथ्याशी बसून स्थलांतराच्या नव्या कायद्यावर सही केली. कायद्याची सूचना केनेडींची, तडीस नेला जॉन्सननी. त्याआधी भारतीयांना वर्षाला फक्त १०० जागा होत्या. अख्ख्या देशाला शंभर!

आमचे धाकटे काका कलाभवनातून इंजिनिअर झालेले. १९६९ मध्ये याच कायद्याने त्यांना स्थलांतराचा व्हिसा मिळाला. रिझर्व्ह बँकेच्या नियमाने खिशात आठ डॉलर. दांडिया बाजारातल्या घरातून निघाले ते शिकागोला पोचले.

पण जॉन्सन यांच्या सहीने आणखी एक गोष्ट झाली होती. त्यांनीच व्हिएतनामचं युद्ध वाढवत नेलं, १९६८ मध्ये तिथे पाच लाखांवर अमेरिकन सैनिक होते. आणि ग्रीन कार्ड घेऊन आलेल्या तरुणालाही सैन्यभरतीसाठी नाव नोंदवावं लागे. हे जाताना आमच्या घरात कुणाच्या डोक्यातही नव्हतं. १ डिसेंबर १९६९ ला वर्षाच्या ३६६ तारखांच्या चिठ्ठ्या काचेच्या भांड्यातून काढल्या. ज्याची जन्मतारीख आधी निघेल त्याला आधी बोलावणं. काकांची तारीख तीनशेच्या पुढे निघाली. त्यानंतर त्यांनी पत्र लिहिलं, तेव्हा धोका आणि सुटका दोन्ही आम्हाला एकदमच कळलं. वडिलांनी पत्र मोठ्याने वाचलं. आजी बराच वेळ गप्प होती. मग एवढंच म्हणाली, "चिठ्ठ्या टाकून मुलं नेतात?"

काकांच्या खोलीत राहणाऱ्या मुलाची तारीख आधी निघाली होती. तो गेला. त्याच्याबद्दल काका पुढे कधीच काही बोलले नाहीत.

काकांची मुलगी, माझी चुलत बहीण, न्यू जर्सीत असते. तिचं म्हणणं, "ताई, आधी निवडून तर यायला हवं! मतं आणणारा जोडीदार नको तर कोण हवा?" तिचं बरोबर आहे. हरलेल्या उमेदवाराचा जोडीदार कितीही गुणी असला तरी उपयोग काय? माझं म्हणणं एवढंच, की टेक्ससची मतं एका नोव्हेंबरपुरती होती. जॉन्सन यांच्या दोन सह्यांखाली, एक चांगली आणि एक भयंकर, लाखो घरं आली. आमचंही आलं. प्रचारात या दोन्हींची चर्चा किती झाली असेल?

अमेरिका यातून काहीच शिकली नाही असं नाही. १९७२ मध्ये मॅकगव्हर्न यांनी घाईत टॉमस ईगलटन यांना निवडलं. त्यांच्यावर नैराश्यासाठी विजेचे उपचार झाल्याचं नंतर बाहेर आलं आणि तीन आठवड्यांच्या आत त्यांना बाजूला व्हावं लागलं. माणूस वाईट नव्हता, चौकशी अर्धवट होती. तेव्हापासून उमेदवाराची कसून तपासणी सुरू झाली. १९७४ मध्ये निक्सन गेले आणि जेराल्ड फोर्ड आले, ज्यांना देशाने दोन्हींपैकी कुठल्याच पदावर निवडून दिलेलं नव्हतं. मग १९७७ पासून जिमी कार्टर यांनी वॉल्टर माँडेल यांना व्हाइट हाउसमध्ये आपल्याजवळ कचेरी दिली, कागदपत्रं दाखवली, दर आठवड्याला एकत्र जेवण ठेवलं. माझ्या मते अमेरिकेला तेव्हा सर टी. माधवरावांची युक्ती सापडली.

तरी प्रचाराची जुनी खोड जात नाही. २००८ मध्ये जॉन मॅकेन यांनी स्वतःच्या ७२ व्या वाढदिवशी सारा पेलिन यांचं नाव जाहीर केलं. त्या अलास्काच्या गव्हर्नर होऊन दोन वर्षंही झाली नव्हती. सभा गाजल्या, गर्दी झाली. पण ७२ वर्षांच्या उमेदवाराच्या जोडीदाराकडून गर्दीपेक्षा जास्त मागायला हवं. २०२४ मध्ये बायडन २१ जुलैला बाजूला झाले आणि हॅरिस यांना १०७ दिवसांत पहिल्या खुर्चीसाठी लढावं लागलं. तेव्हा कुठे लोक विचारू लागले, की चार वर्षं यांनी काय केलं, यांना काय करू दिलं? हा प्रश्न पहिल्या दिवसापासून विचारायचा असतो, मग पक्ष कुठलाही असो.

म्हणून पुढच्या वेळी तिकडच्या मुलांशी फोनवर वाद घालाल, तेव्हा उमेदवाराची आई कुठली, बायको कुठली हे बाजूला ठेवा. त्याने आजवर काय काम केलंय आणि अध्यक्ष त्याला कशात सामील करून घेणार आहे, हे विचारा. मत त्यांचं आहे, पण त्या सहीखाली नातवंडं आपलीही येतात.

आणि एक विनंती. १९६५ च्या कायद्यानंतर तुमच्या घरातून पहिलं कोण गेलं, कुठल्या वर्षी, कुठल्या गावाहून? त्यांच्या पत्रांत तिथल्या निवडणुकीबद्दल किंवा त्या चिठ्ठ्यांबद्दल काही असेल तर खाली जरूर लिहा. ती पिढी आता ऐंशीच्या घरात आहे. विचारून घ्या.