महाराजांचे रीडर आणि गावची पेटी

चांगला ग्रंथ वाचला की तो दुसऱ्यास सांगितल्यावाचून खऱ्या वाचकास चैन पडत नाही. परंतु ‘अमुक पुस्तक अवश्य वाचा’ असे सांगणे सोपे. ज्यास सांगितले त्याच्या हाती ते पडावे कसे, हा प्रश्न बहुधा मागेच राहतो. हा प्रश्न राज्यकारभाराचा म्हणून ज्या थोड्या ठिकाणी हाती घेतला गेला, त्यांत बडोद्याचे नाव अग्रभागी आहे.

सयाजीराव गायकवाड यांचा जन्म १८६३ साली नाशिक जिल्ह्यातील कवळाणे या खेड्यात झाला. १८७५ साली दत्तक होऊन ते गादीवर आले, तेव्हा त्यांची अक्षरओळखही झालेली नव्हती. ज्या वयात इतर मुले ग्रंथ वाचू लागतात, त्या वयात त्यांनी धुळाक्षरे गिरविली. विद्या उशिरा मिळाली, म्हणूनच की काय, तिची भूक त्यांना जन्मभर राहिली.

१८८९ साली गोविंद सखाराम सरदेसाई महाराजांचे ‘रीडर’ म्हणून बडोद्याच्या सेवेत दाखल झाले. महाराजांना ग्रंथ वाचून दाखविणे हे त्यांचे काम. परंतु या वाचनाचे फळ राजवाड्यात कोंडून राहिले नाही. मॅकियाव्हेलीचा राजनीतीवरील ग्रंथ आणि सीली यांचा इंग्लंडच्या विस्तारावरील ग्रंथ सरदेसायांनी मराठीत उतरविले. राजपुत्रांना इतिहास शिकविताना केलेल्या टिपणांतून १८९८ साली ‘मुसलमानी रियासत’ अवतरली, आणि पुढे मराठी रियासतीचे खंड घरोघरी पोहोचून सरदेसाई ‘रियासतकार’ झाले. एका श्रोत्यासाठी आरंभिलेले वाचन असे हजारो वाचकांच्या उपयोगी पडले.

तथापि राजाजवळ रीडर असतो. कुणब्याच्या मुलाने काय करावे? १९०६ साली बडोदे संस्थानात सर्वत्र प्राथमिक शिक्षण सक्तीचे झाले. शाळा सुटल्यावर वाचावयास काहीच न मिळाले, तर शिकलेली अक्षरे चार वर्षांत पुसली जाणार, हे उघड होते. अमेरिकेच्या प्रवासात महाराजांनी तेथील सार्वजनिक ग्रंथालये पाहिली होती. १९१० साली त्यांनी विल्यम अ‍ॅलन्सन बॉर्डन या अमेरिकन ग्रंथपालास पाचारण केले. राजवाड्यातील सुमारे वीस हजार ग्रंथ देऊन मध्यवर्ती ग्रंथालयाचा पाया घातला गेला. स्त्रिया व मुले यांच्यासाठी निराळी व्यवस्था झाली. ज्या गावाने स्वतः वर्गणी जमवावी, त्याच्या ग्रंथालयास सरकारी मदत मिळावी, असा नियम ठरला. १९१२ साली निघालेल्या ‘लायब्ररी मिसेलनी’ या त्रैमासिकात इंग्रजीबरोबर गुजराती व मराठी मजकूरही असे.

या साऱ्यांत हृद्य योजना होती ती फिरत्या ग्रंथालयांची. निवडक पुस्तके लाकडी पेटीत भरून ती खेडोपाडी रवाना होत. वर्गणी नाही, वाहतुकीचा खर्चही सरकारचा. ठरावीक मुदतीनंतर पेटी परत जाई. पेटी भरणाऱ्याने वाचकास पाहिलेले नसे आणि वाचकास पेटी भरणाऱ्याचे नाव ठाऊक नसे. तरीही ‘हे वाचून पाहा’ असा एका माणसाने दुसऱ्यास दिलेला निरोपच तो होता. मात्र या निरोपासोबत पुस्तकही येत होते.

महाराजांचे घराणे मराठी, परंतु प्रजेतील बहुसंख्यांची भाषा गुजराती. तेव्हा गावोगावच्या वाचनालयांत गुजराती ग्रंथांना मानाचे स्थान मिळाले, हे योग्यच झाले. आपल्यास जे रुचले तेच दुसऱ्याच्या माथी मारणे म्हणजे शिफारस नव्हे. त्याच्या भाषेत व त्याच्या बेताचे असे पुढे ठेवावे लागते.

१९३९ साली सयाजीराव निवर्तले आणि १९४९ साली बडोदे संस्थानही विलीन झाले. मांडवीजवळचे मध्यवर्ती ग्रंथालय मात्र उभे आहे. आवडत्या ग्रंथकाराचे गुणगान बैठकीत अनेकजण करतात. ते ऐकून उठलेल्या माणसास तो ग्रंथ कोठे मिळेल, याची काळजी वाहणारे विरळा. बडोद्याने ती काळजी वाहिली, हे त्याचे मोठेपण.